थुंकीतलं वय

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली होती आणि जिन्यात अडकलेल्यांना आत काय चाललंय ते पुढचे लोक मागे वळून सांगत होते. व्यासपीठावर एक निवृत्त बँक कॅशियर उठाबशा काढत होते. हेच गृहस्थ एरवी माझ्या दवाखान्याचा जिना चढताना दर पायरीला थांबून देवाचं नाव घ्यायचे. आज ते उठत होते, बसत होते, आणि पहिल्या रांगेत त्यांची बायको रडत होती.

"जन्मवय एकाहत्तर!" माईकवरून आवाज घुमला. "आले तेव्हाचं पेशीवय? एक्क्याऐंशी! आणि आज?"

मागच्या पडद्यावर आकडे गरगर फिरले आणि थांबले. अठ्ठावन्न. टाळ्यांनी छत खाली यायचं तेवढं बाकी राहिलं.

आवाजाचे मालक पांढऱ्या कोटात होते. बूट पांढरे, दात पांढरे, केस मात्र डोळ्यांत भरतील इतके काळे. पोस्टरवर त्यांना 'कालविज्ञानी' म्हटलं होतं, लोक 'सर' म्हणत होते. माझ्या दवाखान्याखालच्या शिंप्याने त्यांचं नाव 'रिव्हर्स गिअर' ठेवलं होतं आणि मला तेच सर्वांत योग्य वाटत होतं.

"मी बाबा नाही," सर म्हणाले. "मी बुवा नाही. मी फक्त विज्ञान! एपिजेनेटिक्स! तुमचा डीएनए म्हणजे घर. वय म्हणजे त्या घरात साचलेली धूळ. मेथिलची धूळ! डॉक्टर लोक काय करतात? धुळीवर रंग मारतात. मी? मी धूळ झटकतो. घर तेच, पण नवंकोरं!"

लोक माना डोलवत होते. मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसून घड्याळ बघत होते. मी डॉक्टर आहे. खोकला, ताप आणि साखर यांतच आयुष्य गेलं. गावठी उपाय, मंत्रवाले, हात फिरवून मणका बसवणारे, सगळ्यांचे पेशंट शेवटी माझ्याच बाकावर येऊन बसले. पूर्वी मी चिडायचे, भांडायचे. आता नुसती दमते. पण हा माणूस पूर्वीच्या बुवांपेक्षा वाईट होता. ते निदान देवाच्या नावावर फसवत होते. याने आमचीच भाषा चोरली होती, आणि ती तो आमच्यापेक्षा गोड बोलत होता.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. बहिणीसाठी गेले होते.

माझी बहीण चिमणी. आम्ही जुळ्या, आणि इतक्या सारख्या की आईसुद्धा कधीकधी एकीलाच दोनदा आंघोळ घालायची. मी पाऊण तासाने मोठी, म्हणून मी ताई. लहानपणी तिला विषमज्वर झाला आणि तो असा लांबला की पोर काडी होऊन अंथरुणाला खिळली. तिथून 'चिमणी' हे नाव चिकटलं. मी शाळेत गेले, ती राहिली. पुढे तिला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, एवढी घोडी पहिलीत शोभणार नाही, आणि त्यांनी सरळ तिचं जन्मवर्ष दोनने पुढे ढकललं. तेव्हापासून कागदोपत्री माझी जुळी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. टेलिफोन खात्यातून ती त्या दोन वर्षांच्या पुण्याईने उशिरा निवृत्त झाली. कुणी वय विचारलं की हल्ली ती बासष्ट सांगते, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही आता तेच खरं वाटतं.

तिला मधुमेह आहे. तिच्या सुनेने मला फोन केला तो त्यामुळेच.

"मावशी, आई गोळ्या घेत नाहीयेत," ती हळू आवाजात म्हणाली. "डबी भरलेलीच दिसते. आणि एवढ्या उकाड्यात घरात पायमोजे घालून फिरतात."

मी दवाखाना अर्धवट टाकून गेले. चिमणी जेवणाच्या टेबलाशी बसून जिभेखाली कसलेसे थेंब सोडत होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परमानंद.

"मोजा काढ," मी म्हटलं.

"आल्या आल्या? बस तरी."

"चिमे, मोजा काढ."

करंगळीच्या मुळाशी जखम होती. कडा काळसर, मध्ये ओलं. मी बोटाने आजूबाजूला दाबलं.

"दुखतंय?"

"मुळीच नाही!" ती अभिमानाने म्हणाली. "सर म्हणालेच होते. जुनी पेशी बाहेर पडताना दुखत नाही."

साखरेने पायाच्या नसा मेल्या की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की माणूस चालत राहतो, थेट पाय कापायच्या टेबलापर्यंत. हे मी तिला सांगितलं. याच शब्दांत सांगितलं.

"त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या?"

"छे! ते तसं कधीच म्हणत नाहीत. ते म्हणाले, गोळी म्हणजे पेशीला लावलेलं कुलूप. कुलूप ठेवायचं का, हे तुमच्या पेशींना विचारा."

"आणि तुझ्या पेशी काय म्हणाल्या?"

"थट्टा कर तू. आले तेव्हा माझं पेशीवय पंच्याहत्तर होतं. आता एकोणसाठ आहे. एकोणसाठ, ताई! आणि मशीन खोटं बोलत नाही. जन्मवय तर न विचारता अचूक सांगतं, नुसत्या थुंकीवरून. अख्ख्या हॉलमध्ये एकाचंही चुकलं नाही." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाली, "तुला हेवा वाटतोय का गं?"

हे मला लागलं. पण लागल्याचं दाखवायला वेळ नव्हता. साठी उलटलेल्या शहाण्या बाईला उचलून हॉस्पिटलात नेता येत नाही. मी विनवलं, रागावले, सून रडली. चिमणी ढिम्म. शेवटी तिनेच तोड काढली.

"उद्या सकाळी सभा आहे. तू चल. त्या नळीत तू स्वतः थुंक. मशीन तुझ्या बाबतीत खोटं ठरलं, तर मी तिथूनच तुझ्या गाडीत बसते आणि तू म्हणशील त्या हॉस्पिटलात येते. खरं ठरलं, तर पुन्हा माझ्यापुढे गोळ्यांचं नाव काढायचं नाही."

"आणि तोवर पाय?"

"तोवर तू बांध ना पट्टी. डॉक्टर आहेस."

मी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मुकाट्याने घरी गेले.

म्हणून मी त्या हॉलमध्ये होते. दारात एका हसऱ्या मुलीने ओळखपत्र मागितलं. "सुरक्षेसाठी हं, आजी," असं म्हणून तिने त्याचा फोटो काढला आणि माझ्या छातीवर नंबराचा बिल्ला लावला. त्याच नंबराचं लेबल लावलेली एक काचेची नळी हातात दिली. नळीत थुंकायचं, नळी व्यासपीठावरच्या पेटीत घालायची. पेटीत निळा प्रकाश, आत काहीतरी घूं करतं, आणि पडद्यावर तुमचं भविष्य. भविष्य कसलं, भूतकाळ.

"आम्ही तुमचं वय विचारलं का?" सरांनी हॉलला विचारलं.

"नाही!" हॉल गरजला.

"थुंकी सांगते! कारण थुंकी खोटं बोलत नाही!"

खरं म्हणजे थुंकीत वयाच्या खुणा असतात. जनुकांवर मेथिलचे बारीक ठिपके असतात, वय वाढतं तशी त्यांची ठेवण बदलते, आणि शेकडो ठिकाणचे ठिपके मोजून शास्त्रज्ञ वयाचा अंदाज करतात. पण त्याला प्रयोगशाळा लागते, काही दिवस लागतात, आणि एवढं करून तो अंदाज कुणाच्या बाबतीत दोन, कुणाच्या बाबतीत पाच वर्षांनी चुकतो. किती चुकू शकतो हेही ते लिहून देतात. ही पेटी मात्र चुटकीसरशी सांगत होती आणि कधीच चुकत नव्हती. मला खटकत होतं ते नेमकं हेच. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि हॉलभर टाळ्या वाजत असताना तर नाहीच.

माझा नंबर पुकारला. मी वर गेले, नळी पेटीत घातली. आकडे फिरले.

जन्मवय चौसष्ट. पेशीवय एकोणऐंशी.

"बापरे!" सरांनी कपाळाला हात लावला. चिमणीने त्यांना माझ्याबद्दल सांगितलंच होतं. "आणि या कोण आहेत माहीत आहे? या स्वतः डॉक्टर आहेत! जगाला गोळ्या वाटतात आणि स्वतः एकोणऐंशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

हॉल खो खो हसला. चिमणीसुद्धा हसत होती. कुत्सितपणे नाही, लहान मूल पैज जिंकल्यावर हसतं तशी. मी हरले होते. जन्मवय बरोबर आलं होतं. मी चौसष्टच आहे. आता खाली उतरायचं, आणि पुढच्या महिन्यात हिच्या पायाचं काय होतंय ते बघत बसायचं.

मी दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. मी चौसष्ट. हिला पेटीने काय सांगितलं होतं? सगळ्यांचं बरोबर येतं, एकाचंही चुकलं नाही, असं ती म्हणाली होती. म्हणजे तिचंही 'बरोबर' आलं होतं.

मी परत वर गेले.

"सर, हे जन्मवय कधी चुकतं का हो?"

"आजवर नाही," सर प्रसन्नपणे म्हणाले. "जन्माच्या क्षणी प्रत्येक पेशीवर शिक्का बसतो. तो ना डॉक्टरला पुसता येतो, ना देवाला."

"माझ्या बहिणीचं किती आलं होतं? चिमे, वर ये."

ती लंगडत वर आली. लंगडतेय हे तिला कळतही नव्हतं. सरांनी तिचा हात धरून तिला पुढे उभं केलं. "या, या! या आमच्या एकोणसाठ वर्षांच्या कन्या!" त्यांनी बटण दाबलं, पडद्यावर तिची जुनी नोंद आली. जन्मवय बासष्ट.

"आता जरा आम्हा दोघींकडे बघा," मी हॉलला म्हटलं. "नीट बघा. आम्ही जुळ्या आहोत. आमच्यात पाऊण तासाचं अंतर आहे."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेने एक नाक बघितलं, दुसरं नाक बघितलं, दोन्ही कपाळांवरची तीच आठी बघितली, आणि कुजबुज मागे मागे जात जिन्यापर्यंत पोचली.

सरांचं हसू जागच्या जागी होतं. "अहो, जुळ्यांतही फरक पडतो! हेच तर एपिजेनेटिक्स! एकीची जीवनशैली वेगळी, दुसरीची वेगळी..."

"कबूल. तुमच्या त्या पेशीवयात पडेल. पण जन्माच्या शिक्क्यात? आमची आई काय दोन वर्षं बाळंत होत होती?"

जिन्यातून हशा आला. सरांच्या मानेवर पहिल्यांदा घाम दिसला. पण गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यांनी मला सोडलं आणि माईक चिमणीच्या तोंडाजवळ नेला.

"ताई, आपण भांडण कशाला करायचं? तुम्हीच सांगा. मागच्या वेळी पडदा बघून तुम्ही काय म्हणालात? 'अगदी बरोबर,' म्हणालात ना? तुमचं वय बासष्ट. हो ना?"

मी चिमणीकडे बघितलं. तिने एक 'हो' म्हटलं असतं की संपलं. आणि ते खोटंही ठरलं नसतं. नोकरीत, बँकेत, मतदानाला ती हेच सांगत आली होती. 'हो' म्हटलं की तिचे एकोणसाठ तिच्याजवळ राहणार होते. त्या एकोणसाठसाठी तिने किती दिवस थेंब घेतले होते, पहाटे उठून श्वास मोजले होते. ते तिच्याकडून काढून घेताना मला तिची दया येत होती. आणि ती 'हो' म्हणेल याची भीतीही वाटत होती.

"कागदावर बासष्ट," चिमणी म्हणाली.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे हेडमास्तरांनी लिहिलेलं." ती माईकमध्ये नाही, स्वतःशीच बोलत होती, पण माईक तिथेच होता. "मी आजारी होते. मला उशिरा शाळेत घातलं, म्हणून त्यांनी दोन वर्षं कमी लावली. मी ताईबरोबरच जन्मले. मीपण चौसष्टच आहे." मग तिने मान वर केली. "सर, माझ्या थुंकीला आमचे हेडमास्तर कसे ठाऊक?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कॅशियरची बायको उठून उभी राहिली.

"दारात ओळखपत्र घेतात," ती म्हणाली. "त्याच्यावर जन्मतारीख असते."

हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाने आपल्या हाताने ओळखपत्र दाखवलं होतं. वय विचारलं का म्हटल्यावर 'नाही' म्हणून ओरडलाही होता प्रत्येक जण. विचारलं नव्हतंच. आपणच दिलं होतं.

सर म्हणाले, वातावरणात नकारात्मकता आली आहे, पेटीला विश्रांती द्यावी लागेल. पण कॅशियर अजून व्यासपीठावरच होते. त्यांनी वक्त्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला उचलला.

"नोट खरी की खोटी हे बघायला मी कधी नोटेची परवानगी घेतली नाही," ते म्हणाले. त्यांनी पुढच्या तपासणीसाठी ट्रेमध्ये ठेवलेली आपल्या नंबराची कोरी नळी घेतली, तिच्यात पाणी ओतलं आणि ती पेटीत सारली. घूं झालं. आकडे फिरले.

जन्मवय एकाहत्तर. पेशीवय सत्तावन्न.

"पाणी माझ्याहून वर्षाने तरुण निघालं," कॅशियर म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

करामत ती एवढीच. पेटी थुंकी तपासत नव्हती. आत असणार एक दिवा, एक पंखा, आणि नळीवरचा नंबर वाचायची सोय. नंबरावरून ओळखपत्रातली जन्मतारीख, तिच्यावरून जन्मवय. पहिल्यांदा येणाऱ्याच्या वयात दहा-पंधरा वर्षं मिळवायची म्हणजे तो घाबरतो. नंतर दर खेपेला थोडी काढायची म्हणजे तो खूश होतो. बाकीचं काम माणूस स्वतःच करतो. आणि कॅशियरच्या उठाबशा? त्या खऱ्या होत्या. सरांच्या सत्रात रोज सकाळी चालायला लावत, हातपाय हलवायला लावत. कुणाचेही गुडघे सैल होतील. मी कॅशियरना वर्षानुवर्षं तेच सांगत होते, पण माझ्याकडे निळा दिवा नव्हता.

सर मागच्या दाराने गेले. जाताना म्हणाले, "काळच उत्तर देईल." गर्दी लगेच पांगली नाही. थोडे लोक चिडले होते, तेही सरांपेक्षा माझ्यावर जास्त. एका बाईंनी मला दारात अडवलं.

"आम्हाला बरं वाटत होतं ना? मग तुमचं काय जात होतं?"

काय जात होतं ते माझ्या शेजारी पायमोजा घालून उभं होतं. मी म्हटलं, "चालणं सोडू नका," आणि चिमणीला घेऊन खाली आले. ती आपणहून गाडीत बसली. पैजेचा शब्द तिने पाळला.

हॉस्पिटलात साखर बघून तिथला तरुण सर्जन माझ्याकडे बघतच राहिला. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला. "थोडं आधी आणलं असतं तर पट्टीवर भागलं असतं," तो म्हणाला. मी मान हलवली. हे वाक्य मी स्वतः इतक्या जणांना ऐकवलंय.

टाके काढले त्या दिवशी दुपारी चिमणी उशीला टेकून बसली होती. सून डबा धुवायला गेली होती.

"ते सगळंच खोटं होतं का गं?" तिने विचारलं. "ते ठिपके वगैरे?"

"नाही. ठिपके खरे आहेत. वयाने बदलतात, सिगारेटने बदलतात, मोठ्या आजारपणात त्यांवरून काढलेलं वय काही काळ वाढतं आणि बरं वाटलं की काही वेळा परत मागेही येतं. ते मुद्दाम मागे नेता येईल का, म्हणून उंदरांवर काम चाललंय."

"आणि माणसांवर?"

"सुरुवात आहे. आकडा खाली आला म्हणजे माणूस खरंच जास्त जगतो का, आजार टळतात का, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

"म्हणजे कधीतरी होईल?"

"होईलही. मला माहीत नाही, चिमे."

"तो कधीच 'माहीत नाही' म्हणाला नाही," ती म्हणाली. "'माहीत नाही' म्हणणाऱ्याकडे कोण जाणार, ताई?"

"तू आलीस ना."

"आले. दोन बोटं देऊन."

मग ती रडली, आणि मीही रडले. डॉक्टरने वॉर्डात रडू नये म्हणतात, पण मी तिथे डॉक्टर नव्हते.

सर आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात आहेत. पेटीला म्हणे आता हिरवा दिवा लावलाय. मला त्यांच्यामागे धावायचं वय राहिलेलं नाही, जन्मवयही नाही आणि पेशीवयही नाही. म्हणून हे लिहिलं. विज्ञानाचे शब्द बोलतो म्हणून कुणी वैज्ञानिक होत नाही. जो आपण कुठे चुकू शकतो हे सांगतो, आपली पेटी उघडून दाखवतो, तुमच्या चालू गोळ्यांना हात लावण्याआधी तुमच्या डॉक्टरशी बोलतो, त्याचं ऐका. जो कधीच चुकत नाही, त्याच्या पेटीत एकदा पाणी घालून बघा. हात जोडून सांगते, आपल्या माणसाच्या पायातला मोजा काढायला लावा, डबीतल्या गोळ्या मोजा, आणि मनात प्रश्न आला की तो विचारा. लाज वाटली तरी विचारा, टाळ्या वाजत असल्या तरी विचारा. फक्त लवकर विचारा.